किल्ली खिशात, कुलूप दारात

नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. टीम लीडने सांगितलं, "तुझी पब्लिक की मेल कर, रेपोचा ॲक्सेस देतो." कॉलेजात क्रिप्टोग्राफीचा पेपर दिलेला, आरएसएची गणितं सोडवून बरे मार्कही मिळवलेले. त्यामुळे कुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता (इंजिनिअरचा पहिला आणि मोठा दुर्गुण). कुठूनतरी एक आज्ञा कॉपी-पेस्ट केली, तीन-चार वेळा एंटर दाबलं आणि फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली तयार झाल्या. एकीला 'डॉट पब' अशी शेपटी, दुसरी बिनशेपटीची. आता यातली कुठली पाठवायची? म्हटलं, उगाच चूक नको. दोन्ही पाठवल्या. :)

लीडचं उत्तर दोन ओळींचं होतं. "ही किल्ली आता मेली. दोन्ही फायली उडव, नवीन जोडी बनव आणि या वेळी फक्त पब पाठव." (या शेवटच्या वाक्याचा टीमने त्या शुक्रवारी वेगळाच अर्थ लावला, ते सोडा.)

लाज वाटली ती वाटलीच, पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. माझ्या सर्व्हरवरच्या ओळखीची अर्धी बाजू मी सगळ्या जगाला वाटली तरी चालते आणि दुसरी अर्धी खुद्द लीडलाही दाखवायची नाही, हे काय प्रकरण आहे? पासवर्ड तरी सर्व्हरला माहीत असतो. इथे सर्व्हरला माझं गुपित माहीत नाही, तरी तो मला ओळखतो. पेपरात याचं उत्तर मी लिहिलं होतं. कळलं मात्र नव्हतं. मग काही शनिवार-रविवार त्यात घालवले, त्यातून हा लेख.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत 'की' हे उभयान्वयी अव्यय आहे. 'लीड म्हणाला की की पाठव' असली वाक्यं टाळायची म्हणून मी यापुढे 'किल्ली' म्हणणार आहे.

तर सुरुवात किल्ल्या नव्हत्या तेव्हापासून. १९८०च्या आणि ९०च्या दशकात दूरच्या मशीनवर काम करायचं तर टेलनेट, नाहीतर आरलॉगिन. टेलनेटमध्ये टाइप केलेला पासवर्ड अक्षर न् अक्षर उघडा तारेवरून जायचा. पोस्टकार्डावर एटीएमचा पिन लिहून पाठवावा, तसं. आरलॉगिन बर्कलीच्या युनिक्समधून आलेलं. त्यात पासवर्डची कटकट नको म्हणून 'अमुक मशीनवरून तमुक नावाचा माणूस आला तर सोड आत' अशी यादी ठेवता यायची. मशीन कुठलं ते पत्त्यावरून ठरायचं. आणि पत्ता खोटा सांगता येतो, हे सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत असतं.

व्हर्जन कंट्रोलची गत फार वेगळी नव्हती. तेव्हाचा राजा सीव्हीएस. त्याच्या 'पीसर्व्हर' पद्धतीत पासवर्ड तुमच्या होम फोल्डरमधल्या एका फायलीत राहायचा, तोही जुजबी अक्षरबदल करून. हा बदल सहज नजर पडू नये एवढ्यासाठीच आहे, ठरवून आलेला चोर यानं अडणार नाही, असं सीव्हीएसच्या माहितीपुस्तिकेतच सांगितलेलं होतं! म्हणजे ज्या कोडवर शेकडो लोक काम करतायत, त्याच्या दाराला फक्त कडी.

हे चाललं कसं? तर इंटरनेट म्हणजे विद्यापीठं आणि प्रयोगशाळा, सगळे ओळखीचे. वाड्यात कोण कडीकुलूप लावतं? पण वाड्यात भाडेकरू वाढले. एखाद्या मशीनमध्ये शिरायचं, तारेवरून जाणारा सगळा मजकूर ऐकत बसायचं आणि त्यातले पासवर्ड वेचून ठेवायचे, असे 'स्निफर' बसवायचे प्रकार इतके वाढले की फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

१९९५ मध्ये असाच एक स्निफर फिनलंडमध्ये, हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर सापडला. त्यात हजारो लोकांची नावं आणि पासवर्ड जमा झालेले होते. तातू युलोनेन नावाचा संशोधक तिथे काम करत होता. त्याने वैतागून टेलनेट आणि आरलॉगिनची जागा घेईल असा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव 'सिक्युअर शेल', म्हणजेच एसएसएच. जुलै १९९५ मध्ये तो त्याने फुकट वाटायला सुरुवात केली.

त्याआधी त्याला एक पोर्ट नंबर हवा होता. एफटीपीचा नंबर २१, टेलनेटचा २३, आणि मधला २२ रिकामा. आपला प्रोग्रॅम या दोघांची जागा घेणार आहे, तर त्यांच्या मधे बसला तर भारदस्त वाटेल, एवढाच काय तो हिशोब. १० जुलै १९९५ ला त्याने नंबर देणाऱ्या आयाना या संस्थेला एक विनंतीची मेल टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, २२ तुझा. आपल्याकडे रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करायला याहून जास्त दिवस लागतात! वर्षअखेरीपर्यंत सुमारे ५० देशांत २०,००० लोक एसएसएच वापरत होते.

एसएसएचने दोन कामं केली. तारेवरचा सगळा मजकूर गुप्त केला आणि पासवर्डशिवाय, किल्लीच्या जोडीने आत शिरायची सोय दिली. दुसरं काम कळायला आणखी वीस वर्षं मागे जावं लागतं.

गुप्त लिपीचा हजारो वर्षांचा एक नियम होता. ज्या किल्लीने कुलूप लावायचं, त्याच किल्लीने उघडायचं. म्हणजे तुम्हाला आणि मला गुप्त बोलायचं तर आधी एक किल्ली दोघांकडे पाहिजे. ती पाठवायची कशी? तर गुप्तपणे. म्हणजे पुन्हा तेच. राजदूत, बॅगा, हत्यारी पहारेकरी हा सगळा लवाजमा या एका अडचणीपायी होता.

१९७४ मध्ये बर्कलीला राल्फ मर्कल नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातल्या प्रकल्पासाठी एक प्रस्ताव दिला. दोन माणसं आधी कधी भेटलेली नाहीत, तार चोर ऐकतोय, तरीही दोघांचं एक गुपित ठरवता येईल का? प्राध्यापकांना ते पटलं नाही. मर्कलने तो कोर्सच सोडला, पण कल्पना सोडली नाही. तिकडे स्टॅनफर्डला व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन याच प्रश्नाच्या मागे लागले होते. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि त्यात हजारो वर्षांचा तो नियम मोडला. लावायची किल्ली वेगळी आणि उघडायची वेगळी असू शकते. एक जगजाहीर करा, दुसरी स्वतःजवळ ठेवा. शिवाय चोराच्या कानादेखत दोघांनी एक समान गुपित कसं तयार करायचं, तेही त्यांनी करून दाखवलं.

मात्र दोन किल्ल्यांची जोडी प्रत्यक्षात बनवायची कशी, ते त्यांना सापडलेलं नव्हतं. ते १९७७ मध्ये एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी केलं. आरएसए ही त्यांच्याच आडनावांची आद्याक्षरं. पाया शाळकरी वाटावा असा आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकार देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगितलं तर घाम फुटतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरातून १२९ अंकी संख्येचं कोडं वाचकांपुढे टाकलं. बक्षीस १०० डॉलर. ते सुटलं एप्रिल १९९४ मध्ये, सुमारे ६०० लोकांनी इंटरनेटवरून आपापली मशीनं कामाला जुंपल्यावर. (म्हणूनच आज आरएसए किल्ली निदान २,०४८ बिटांची आणि जमल्यास त्याहून मोठी घ्या म्हणतात. १२९ अंक म्हणजे फक्त ४२६ बिट.)

आता यातली चटका लावणारी गोष्ट. डिसेंबर १९९७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर खात्याने जाहीर केलं की हे सगळं आमच्याकडे आधीच सापडलं होतं. जेम्स एलिसने १९७० मध्येच असं होऊ शकतं हे लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये नुकताच रुजू झालेल्या क्लिफर्ड कॉक्सने एका संध्याकाळी घरी बसून आरएसएसारखीच पद्धत शोधली, तीसुद्धा मनातल्या मनात, कारण ऑफिसचं काम घरी कागदावर लिहायची परवानगी नव्हती. आणि एलिस? जाहीर व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबर १९९७ मध्ये तो वारला. जगाला 'आधी गुपित न देता गुप्त बोलता येतं' ही कल्पना देऊ शकणारा माणूस स्वतःचं गुपित सत्तावीस वर्षं सांभाळत बसला.

असो. आता माझ्या किड्याकडे.

बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्या डोळ्यापुढे आणू नका, तो प्रकार वेगळा. इथे पब्लिक किल्ली ही खरं तर किल्ली नाहीच, ते कुलूप आहे. आणि प्रायव्हेट किल्ली हीच एकमेव किल्ली. लीड मला म्हणत होता, 'तुझं कुलूप पाठव, मी दाराला लावतो. तुझ्या किल्लीने तू उघड.' दाराला टीममधल्या प्रत्येकाचं एकेक कुलूप, आणि त्यातलं कुठलंही एक उघडलं की प्रवेश. कुलूप चोराच्या हाती लागलं म्हणून त्याचं काय बिघडणार? आणि मी पठ्ठ्याने काय केलं, तर कुलपासोबत किल्लीही मेल केली.

आतल्या यंत्रणेत प्रत्यक्ष घडतं ते असं. तुमचं मशीन आणि सर्व्हर आधी डिफी-हेलमनच्या रीतीने एक समान गुपित तयार करतात आणि त्यातून त्या भेटीपुरती एक खूण निघते. ही खूण दर वेळी वेगळी. मग तुमचं मशीन ती खूण, युजरनेम वगैरे एकत्र करून त्यावर प्रायव्हेट किल्लीने सही करतं. सर्व्हर ती सही पब्लिक किल्लीशी ताडून बघतो. जुळली, या आत. तारेवरून किल्ली जातच नाही, जाते ती फक्त सही. ती सही उद्या चोराने पुन्हा वापरायची म्हटलं तर उपयोग नाही, कारण उद्याची खूण वेगळी. आणि सर्व्हरच चोराच्या ताब्यात असला, तरी त्यालाही तुमची किल्ली मिळत नाही.

हा शेवटचा मुद्दा पुस्तकी वाटतो ना? मलाही वाटायचा. मग मे २००१ची गोष्ट वाचली. अपाचेचा एक डेव्हलपर सोर्सफोर्जच्या एका मशीनवरून अपाचेच्या सर्व्हरवर गेला. एसएसएचनेच गेला बरं का. पण त्या मशीनवरच्या एसएसएचमध्ये चोरांनी आधीच फेरफार करून ठेवले होते. टाइप केलेला पासवर्ड त्यांच्या वहीत नोंदला गेला आणि तोच वापरून ते अपाचेच्या सर्व्हरमध्ये शिरले. त्याच सर्व्हरवर अपाचेच्या कोडची भांडारं होती. पुढे सगळा कोड तपासत बसावं लागलं. रस्ता पक्का होता, पण पासवर्ड ही चीजच अशी आहे की ती वापरायची म्हणजे समोरच्याच्या हातात द्यायची.

कोडच्या भांडारात चोर शिरला तर काय मोठंसं, असं वाटत असेल तर नोव्हेंबर २००३ बघा. लिनक्स कर्नलचा मूळ कोड तेव्हा बिटकीपरमध्ये असायचा आणि लोकांच्या सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये. त्या प्रतीच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरून दोन ओळी घातल्या. वरवर बघता नेहमीची तपासणी. फक्त जिथे बरोबरची दोन चिन्हं हवीत तिथे एकच. त्यामुळे 'हा माणूस रूट आहे का?' या प्रश्नाचं 'याला रूट करून टाक' असं झालं! मूळ बिटकीपरशी प्रत जुळेना म्हणून ते लगेच पकडलं गेलं. नाहीतर ते एक गाळलेलं चिन्ह कुठे कुठे पोचलं असतं, विचार करा. कोड चोरीला जाण्यापेक्षा कोडमध्ये काहीतरी ठेवून जाणारा चोर वाईट.

दरम्यान एसएसएच मोकळं झालं होतं. युलोनेनने १९९५च्या शेवटी कंपनी काढली आणि पुढच्या आवृत्त्यांचे नियम आवळत गेले. तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी एक जुनी मोकळी आवृत्ती घेऊन, साफसूफ करून डिसेंबर १९९९ मध्ये ओपनएसएसएच म्हणून बाहेर आणली. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेतलं आरएसएचं पेटंटही संपलं. आज तुमच्या लॅपटॉपवर जे एसएसएच आहे ते बहुतेक हेच. सोर्सफोर्जसारख्या ठिकाणी डेव्हलपर सीव्हीएसला एसएसएचच्या बोगद्यातून जायला लागले. मग एप्रिल २००५ मध्ये लायनस टॉरवल्ड्सने गिट लिहिलं आणि स्वतःचा वेगळा दरवाजा बनवायच्या भानगडीत न पडता लिहिण्याचं काम सरळ एसएसएचवर सोपवलं.

एप्रिल २००८ मध्ये गिटहब सर्वांसाठी उघडलं. तिथे एसएसएचने जाताना आपण सगळे एकाच युजरनेमने जातो, हे लक्षात आलंय का कधी? युजरनेम नुसतं 'गिट'. मग तुम्ही कोण, हे कळतं कसं? किल्लीवरून. किल्ली हीच ओळख. म्हणूनच एकच पब्लिक किल्ली दोन खात्यांना लावू दिली जात नाही.

इथपर्यंतचा इतिहास विजयाचा. गणित पक्कं, प्रोग्रॅम मोकळा, सगळं जग वापरतंय. आता खरी गोष्ट. त्यानंतर जे जे अपघात झाले त्यांत गणित एकदाही हरलं नाही.

पहिला अपघात किल्ली घडवण्याचा. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या पॅकेजमधल्या काही ओळी काढून टाकल्या गेल्या. कारण चांगलंच होतं. तपासणीचं एक साधन त्या ओळींबद्दल कुरकुर करत होतं. (आपण नाही का वॉर्निंग जावी म्हणून ओळ कॉमेंट करत!) पण किल्ली बनवताना लागणारी अनियमितता त्याच ओळींतून मिसळली जायची. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. दीड वर्षाहून जास्त काळ डेबियन आणि उबुंटूवर बनणाऱ्या किल्ल्या एका छोट्या यादीतल्याच निघत होत्या. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं आणि जगभर किल्ल्या बदलायची पळापळ झाली. पण सगळ्यांनी बदलल्या का? २०१५ मध्ये एका अभ्यासकाने गिटहबवरच्या तेरा लाखांहून जास्त पब्लिक किल्ल्या गोळा करून तपासल्या, तर त्यात या कच्च्या किल्ल्या अजून होत्या! सात वर्षांनी. मग गिटहबने त्या रद्द केल्या.

दुसरा अपघात यादीचा. मार्च २०१२. येगोर होमाकोव नावाच्या रशियन तरुणाने रुबी ऑन रेल्समधल्या एका धोक्याबद्दल तक्रार नोंदवली, ती कुणी मनावर घेतली नाही. गिटहब स्वतः रेल्सवरच लिहिलेलं. मग या पठ्ठ्याने गिटहबच्या पब्लिक किल्लीच्या फॉर्ममध्ये एक जादा रकाना घुसवला आणि स्वतःची किल्ली रेल्सच्या सदस्याच्या नावे नोंदवली. ४ मार्चला त्याने थेट रेल्सच्याच मुख्य भांडारात कमिट करून दाखवला. कुलूप फोडलं नाही, कुणाची किल्ली चोरली नाही. दुसऱ्याच्या दारावर आपलं कुलूप लावलं, बस्स. काही दिवसांत गिटहबने सगळ्यांना आपापल्या किल्ल्या एकेक करून तपासायला आणि मंजूर करायला लावल्या.

तिसरा अपघात २४ मार्च २०२३चा, आणि यात मी स्वतः आहे. आत्तापर्यंत आपण सर्व्हर आपल्याला कसा ओळखतो ते बोललो. पण आपण सर्व्हरला कसं ओळखतो? त्याचीही किल्ल्यांची जोडी असते. पहिल्यांदा जाताना एसएसएच त्या किल्लीचा ठसा दाखवून विचारतं, याला ओळखतोस का? आपण 'येस' म्हणतो, तो ठसा नोंदला जातो, आणि पुढे कधी तो बदलला तर एसएसएच बोंब मारतं. तर गिटहबची आरएसए प्रायव्हेट किल्ली चुकून एका सार्वजनिक रेपोत थोडा वेळ उघडी पडली होती. (मी मेल केली होती, त्यांनी पुश केली. मला केवढा धीर आला सांगू!) खबरदारी म्हणून त्यांनी ती बदलली. आपल्याकडे शुक्रवार सकाळचे साडेदहा. पाडव्यानंतरचा दुसरा दिवस, ऑफिसात नुकता चहा येतोय, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर भला मोठा इशारा, की सर्व्हरची ओळख बदलली आहे, कुणीतरी गैरप्रकार करत असू शकतं.

आम्ही काय केलं? कुणीतरी चॅटवर टाकलं, 'ती ओळ डिलीट करा, चालतंय.' सगळ्यांनी डिलीट केली. पुन्हा प्रश्न आला, याला ओळखतोस का? सगळ्यांनी 'येस' टाइप केलं. मीसुद्धा. नवा ठसा गिटहबने जाहीर केला होता, तो ताडून बघायला अर्धा मिनिट लागलं असतं. सबंध मजल्यावर तो कुणीही बघितला नाही. त्या सकाळी आमच्या आणि गिटहबच्या मध्ये खरंच कुणी बसला असता, तर आम्ही त्याला चहा दिला असता.

मर्कलपासून सगळ्यांनी डोकं लढवलं ते एवढ्यासाठी, की गुपित दुसऱ्याच्या हातात द्यावं लागू नये. ते साधलं. पण 'हे कुलूप खरंच त्याचंच का?' या प्रश्नाचं उत्तर गणितात नाही. ते शेवटी माणसाला बघून सांगावं लागतं. आणि आपण न बघता 'येस' म्हणतो.

म्हणून नव्या मशीनवर गिट लावताना मी आता जे करतो ते सांगतो. यातली प्रत्येक पायरी कुणाच्या ना कुणाच्या फजितीतून आलेली आहे.

किल्ली बनवताना प्रकार ईडी२५५१९ निवडतो. २०११ मध्ये आलेली ही पद्धत ओपनएसएसएचमध्ये जानेवारी २०१४ पासून आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून न सांगताही तीच बनते. किल्ली लहान, काम झटपट. पासफ्रेज विचारला की नुसतं एंटर दाबत नाही. लॅपटॉप रिक्षात विसरला तर फाइल ज्याला मिळेल त्याला किल्ली मिळू नये, यासाठी तो आहे. दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून एसएसएच-एजंट आहे, एकदा सांगितलं की तो लक्षात ठेवतो. प्रत्येक मशीनची जोडी वेगळी. प्रायव्हेट किल्ली पेन ड्राइव्हवरून, मेलवरून, कशानेही हलवायची नाही. जुनं मशीन गेलं तर त्याचं कुलूप काढायचं आणि नव्याचं लावायचं. पब्लिक किल्लीच्या शेवटी मशीनचं नाव आणि वर्ष लिहायचं, नाहीतर दोन वर्षांनी यादीतली कुठली कुणाची ते कळत नाही. आणि पहिल्यांदा जोडताना तो ठसा, सेवा देणाऱ्याने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून बघायचा. हो, अर्धा मिनिट.

आणखी एक लक्षात ठेवायचं. ही किल्ली दार उघडते, सही करत नाही. कमिटवर लेखकाचं नाव काय टाकायचं ते गिट तुम्हाला विचारतं आणि तुम्ही सांगाल ते खरं मानतं. मी उद्या माझ्या कमिटवर लायनसचं नाव टाकू शकतो. लेखकाची खात्री हवी तर कमिटवर वेगळी सही करावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या गिट २.३४ पासून ती सही एसएसएचच्या किल्लीनेही करता येते.

आता रेपोचा ॲक्सेस द्यायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात टीममध्ये एक मुलगी नवीन आली. तिला म्हटलं, तुझी पब्लिक किल्ली पाठव. पाच मिनिटांत मेल आली. दोन अटॅचमेंट.

मी दोन ओळींचं उत्तर टाइप करायला घेतलं होतं, मग खोडलं. तिच्या डेस्कपाशी गेलो आणि कुलूप आणि किल्लीची गोष्ट सांगितली. तिने लगेच विचारलं, "पण मग उद्या मी नोकरी सोडली, तर माझी किल्ली तुम्ही परत कशी घेणार?"

"किल्ली नाही परत घेता येत," मी म्हटलं. "तुझं कुलूप काढून टाकायचं."

म्हटलं खरं, आणि जागेवर येऊन बिल्ड सर्व्हरवरची यादी उघडली. चौदा कुलपं. टीममध्ये आम्ही नऊ जण. उरलेल्या पाचांतली दोन कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक माझ्या जुन्या लीडचं होतं. तो जाऊन तीन वर्षं झाली.

पाचही काढली. त्याला मेसेज टाकला, "तुझी किल्ली आज मेली." त्याचं उत्तर आलं, "तीन वर्षं जिवंत होती? काय रे हे!"